कादंबरीतल्या प्रकरणांच्या डोक्यावरच्या ओव्या : जुन्या की लेखकाच्या?

रात्रीचा_वाचक
नमस्कार मंडळी. उजनी धरणात बुडालेल्या गावावरची ती कादंबरी, इथेच मागे कुणीतरी सुचवली होती, ती काल रात्री दीड वाजता संपवली आणि आता डोक्यातून जात नाहीये. पण माझा प्रश्न गोष्टीबद्दल नाही, प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला जी एकेक ओवी आहे तिच्याबद्दल आहे. पहिल्या प्रकरणावरची ही बघा:

पहिली माझी ओवी, पांढरीच्या मातीला
आलं मोजणीचं माप, बाई उंबऱ्याच्या छातीला

मला वाटलं लेखकाने गावोगाव फिरून जमवलेल्या असणार. आईला वाचून दाखवल्या तर ती म्हणाली, ह्या आमच्याकडच्या नाहीत पण आमच्यासारख्याच आहेत. आता ह्यातून काय समजायचं! तर जमवलेल्या आहेत की रचलेल्या? दुसरं म्हणजे सातव्या प्रकरणाआधीचं पान कोरंच आहे, मी छपाईची चूक समजून दुकानदाराला फोन लावून बऱ्यापैकी भांडलो, तो बिचारा म्हणाला साहेब सगळ्या प्रतींत तसंच आहे. आणि तिसरं, शेवटच्या ओवीत चक्क 'मायनस' हा शब्द आहे. जात्यावर बसलेली बाई मायनस कशाला म्हणेल?

कोरडवाहू
जमवलेल्या नसाव्यात असं माझं मत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर ह्या अभ्यासकांनी हजारावर गावांतून एक लाखापेक्षा जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात, 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर त्यातल्या पुष्कळ ऐकायलाही मिळतात. मी त्यात धरण, मोजणी, उंबरा असं बरंच शोधून पाहिलं, ह्यातली एकही ओवी सापडली नाही. 'पहिली माझी ओवी' ही सुरुवात मात्र कुणा एकाची नाही, ती सगळ्यांचीच, पहिली देवाला, दुसरी आईबापाला असं करत बायका पुढं जायच्या. लेखकाने तो आकडा प्रकरणाच्या नंबरला जोडला, ही आयडिया मला भारी वाटली.

अवांतर: लेखक ह्याच ग्रुपवर आहेत, 'उंबरा' आयडीने. बघू येतात का.

उंबरा
आलो आलो. कोरडवाहू बरोबर बोलले, बाराच्या बारा (म्हणजे अकरा, सातवीचं पुढं सांगतो) ओव्या मीच रचल्यात. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

सुरुवातीला ओव्या नव्हत्याच. मी एका नातेवाईक आजींकडं गेलो होतो, धरणग्रस्त, आता पुनर्वसनाच्या गावठाणात राहतात. मोबाईल रेकॉर्डिंगवर टाकून समोर ठेवला आणि म्हटलं आजी ओव्या म्हणा. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या, म्हणाल्या आता कुठलं आठवतंय बाबा, चाळीस वर्षं झाली. मग इकडचं तिकडचं बोलत बसलो, गावातल्या आडाचं पाणी, कुणाचं लग्न, असं. आणि बोलता बोलता बघतो तर त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर गोल गोल फिरायला लागलेला, त्यांच्याही लक्षात नव्हतं, आणि त्या हाताबरोबर ओवी आली. मग एकामागून एक चौदा. पंधरावी चालू असताना माझाच फोन वाजला, हात थांबला, ओवी तिथंच तुटली. परत जुळेना. म्हणाल्या, मोडलं दळण, जा आता.

घरी येताना एवढंच डोक्यात होतं, की ही कविता हातात आहे, तोंडात नंतर येते. त्यांच्या ओव्या जशाच्या तशा छापायच्या नव्हत्या, त्या त्यांच्या आहेत, त्यांच्या भावाची, लेकीची नावं आहेत त्यात. म्हणून स्वतः रचायच्या ठरवलं आणि तिथं पहिलं तोंडघशी पडलो. माझी पहिली पहिली ओवी अशी होती: 'पहिली माझी ओवी, भूसंपादनाच्या नोटिशीला'. आईला दाखवली. ती म्हणाली, ही ओवी आहे का तहसीलदाराचं पत्र?

मग जुन्या बाजारातून एक जातं आणलं. खुंटा नवा बसवला, टाकी लावून (छिन्नीने खाचा पाडून) घेतली, कारण दगड घासून गुळगुळीत झालेला, त्यावर पीठ काय निघणार. आणि रोज पहाटे मूठमूठ ज्वारी दळायला लागलो. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड, आई हसून बेजार. पण एक कळलं. माझ्या हातानं एक ओळ साधारण दोन फेऱ्यांत बसते, त्याहून लांब झाली की दम तरी तुटतो नाहीतर फेरा तरी अडखळतो. आणि ते 'बाई', 'गं' असतं ना, मी आजवर ते नटवायला घातलेलं समजत होतो, पण तिथं श्वास घेतला जातो. मग प्रत्येक ओवी जात्यावर म्हणून बघायची, अडखळली की खोडायची. भूसंपादन गेलं, मोजणी राहिली. नोटीस गेली, पांढरी आली, कारण सरकारी कागदात तिला गावठाण म्हणतात आणि बायका पांढरी म्हणतात.

पाचवीवर मला बरेच जण विचारतात:

पाचवी माझी ओवी, देव बसला गाडीत
सावली राहिली गं मागं, पिंपळाच्या झाडीत

देव हलवले, मूर्ती बैलगाडीत घालून नव्या गावात नेल्या. पिंपळ कसा हलवणार. एवढंच आहे त्यात, मोठा अर्थ काही नाही, असला तर माझ्या नकळत आलेला.

आता सातवं कोरं पान. त्या प्रकरणात नव्या गावठाणात वीज येते आणि पिठाची गिरणी येते. जातं थांबलं की ओवी थांबली, मग मी कुठून लिहू? प्रूफ वाचणाऱ्यांनी त्या पानावर कमळाची वेलबुट्टी टाकली होती, पान रिकामं दिसतंय म्हणून. ती काढायला मला चार फोन करावे लागले. पण कुणी ते पान बघून हळहळत असेल तर माझ्या आईचं ऐका, ती म्हणते गिरणी आली तेव्हा आम्ही नारळ फोडला, पहाटेची तेवढी झोप तरी बायांना मिळाली. म्हणून प्रकरणाची सुरुवातही गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजाने आणि बायांच्या हसण्याने आहे.

आठवीत आकड्याशी जरा खेळलोय:

आठवी माझी ओवी, मला आठवंना पुरी
जातं न्हाणीच्या दारात, झालं दगडाची पायरी

हे डोळ्यांनी बघितलेलं आहे. जात्याचा वरचा दगड, पाळ, न्हाणीपुढं पायरीला, खालच्या तळीवर कपडे आपटायचे.

आणि मायनस. सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही पारावर उन्हाळ्यात विचारा, धरण कुठवर आलं? उत्तर येईल, मायनस वीस, मायनस तीस. उजनी साधारण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), त्यात ६३ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरात न धरलेलं पाणी, त्याच्या खाली पाणी गेलं की टक्केवारी उणे सांगतात. पाणी तसं खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, फोटो तुम्ही बघितले असतील. माझ्या कादंबरीत तसंच जुनं गाव वर येतं आणि आत्या चिखलात आपलं घर शोधायला जाते:

बारावी माझी ओवी, धरण गेलं मायनसात
उंबरा माझा दिसं, बाई गुडघाभर चिखलात

तिच्यासाठी मायनस इंग्रजी नाही हो, तो शब्द ती रोज टीव्हीवर आणि पोरांच्या तोंडी ऐकते. जुन्या बायांनी मोटार, टेसन, इंजान सगळं ओवीत ओढून घेतलंच की. हात मात्र तिथंही फिरतो, जातं नसताना.

आजोळ
सविस्तर लिहिलंत, आभार. पण एक खटकतं ते बोलतेच. पुस्तकात कुठंही ठळक सांगितलेलं नाही की ओव्या तुमच्या आहेत. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ आहे, ती मला आज शोधल्यावर दिसली. परिणाम काय, तर तुमची पाचवी ओवी आमच्या फॅमिली ग्रुपवर 'आजीच्या जुन्या ओव्या, जपून ठेवा' म्हणून फिरतेय, खाली दोन हात जोडलेले आणि एक फूल. खरोखर दळून दळून ज्यांची हाडं झिजली त्या बायांच्या ओव्यांना नाव नाही आणि एका पुरुष लेखकाची ओवी लोकपरंपरा म्हणून चालते, हे मला जरा बरोबर वाटत नाही. ओव्या चांगल्या आहेत म्हणूनच बोलतेय, वाईट असत्या तर सोडून दिलं असतं.

पुस्तकांचा_ढीग
आजोळ ह्यांचा मुद्दा पटतो पण ही लबाडी (प्रेमाने म्हणतोय) फार जुनी आहे. स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉट १८१६ साली 'द अँटिक्वरी' ह्या कादंबरीच्या वेळी प्रकरणावर टाकायला एका जुन्या नाटकातला उतारा शोधायला लावत होता, मित्राला तो सापडेना, तेव्हा वैतागून म्हणाला की तू शोधेपर्यंत माझा नवीन रचून होईल. आणि रचला, खाली सही काय तर 'जुनं नाटक'! मग सवयच लागली, पुढं कितीतरी प्रकरणांवर हे जुनं नाटक येत राहिलं. १८२७ मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की ते तुकडे बहुतेक मनचेच आहेत. जॉर्ज एलियटचं (नाव पुरुषाचं, पण ही इंग्रजी कादंबरीकार बाई) उलट, तिने 'फेलिक्स होल्ट' कादंबरीपासून पुढे स्वतः रचलेल्या ओळी खाली कुणाचंच नाव न घालता सोडून दिल्या, दुसऱ्याची असेल तर नाव आणि नाव नसेल तर समजा बाईंची. मला हा हिशोब जास्त सरळ वाटतो.

कोरडवाहूंना एक विचारायचं होतं, ओवीत सरकार, धरण, मोजणी असले विषय खरंच असायचे का? माझा समज माहेर-सासर-भाऊ एवढाच.

कोरडवाहू
@पुस्तकांचा_ढीग, छे, तो समज शाळेच्या पुस्तकांनी करून दिलाय. त्याच संग्रहात बाबासाहेबांवर केवढ्या ओव्या आहेत बघा, दळता दळता बाया त्यांच्यावर गायल्यात. दुष्काळ आहे, नवऱ्याचा मार आहे. जे जगण्यात आलं ते जात्यात गेलं.

फक्त एक तक्रार माझीही आहे. खऱ्या ओव्यांत अर्धी ओळ बऱ्याचदा ठरलेली असते, 'सांगते बाई तुला' वगैरे, ती सगळ्याजणी वापरतात आणि तेवढ्या वेळात पुढची ओळ डोक्यात जुळते. उंबरा ह्यांच्या ओव्यांत असला सैलपणा कमी आहे. प्रत्येक शब्द कामाला लावलाय. तिथं कवी दिसतो.

उंबरा
@आजोळ, तुमचं म्हणणं खरं आहे आणि सफाई देत नाही. बारीक अक्षरात टाकायचं मीच सांगितलं होतं. लोक फसतायत ह्याची मजा वाटत होती, दोन-तीन जणांनी 'कुठल्या गावात मिळाल्या' असं विचारलं तेव्हा तर छाती फुगली होती. ते फॉरवर्ड माझ्याकडेही आलं आणि तेव्हा बरं वाटायच्या ऐवजी पोटात कसंतरी झालं, कारण त्या आजींच्या चौदा ओव्या माझ्या मोबाईलमध्येच पडून आहेत आणि माझी एक गावभर फिरतेय. पुढच्या आवृत्तीत पहिल्याच पानावर स्पष्ट टाकतो. आजींना विचारून त्यांच्या ओव्या त्यांच्या नावाने द्यायच्या, असंही डोक्यात आहे, त्या हो म्हणाल्या तर. पुरुषाने लिहाव्यात का, ह्याला माझ्याकडं उत्तर नाही, फोड दाखवू शकतो फक्त.

@कोरडवाहू, बरोबर पकडलंत. 'सांगते बाई तुला' मी तीन ठिकाणी टाकून काढलं होतं, छापील पानावर भरताड वाटेल ह्या भीतीने.

केत्तूर_लाइन
आमचं घर करमाळ्याच्या बाजूचं, धरणात गेलेलं. मी वाचत नाही फार, बायकोने आईला रोज एक प्रकरण वाचून दाखवलं. आईचा एक प्रश्न आणि एक दुरुस्ती आहे, तिनं सांगितलं तसं लिहितो. प्रश्न असा की चौथ्या प्रकरणात 'वैरण घातली' लिहिलंय ते आमच्या सुनेला कडबा वाटला, त्याचं काहीतरी करा. दुरुस्ती दुसऱ्या ओवीत आहे:

दुसरी माझी ओवी, चुन्याच्या त्या रेघंला
कुठवर येईल पानी, बाई पुसते मी मेघाला

आई म्हणते चुन्याची रेघ एकदम खरी, आमच्या देवळाच्या भिंतीवर होती, आम्ही पोरं तिच्यापर्यंत चढून उडी मारायचो. पण 'पुसते' नाही म्हणत आमच्यात. 'इचारते' म्हणतात. पुसते म्हणलं की मला फडकं आठवतं, असं म्हणाली.

रात्रीचा_वाचक
हाहा, मलाही चौथ्या प्रकरणात गाय कुठनं आली असं वाटलेलं. आता कळलं, जात्याच्या तोंडात मूठमूठ धान्य टाकतात ती वैरण. आणि उंबरा सर, दुकानदाराला फोन करून सॉरी म्हटलं.

उंबरा
@केत्तूर_लाइन, आईंना माझा नमस्कार सांगा. आत्ताच जात्यावर बसून म्हणून बघितलं. 'इचारते' घातलं की एक अक्षर वाढतं, ओळ फेऱ्यात मावत नाही, म्हणून 'बाई' काढावी लागते: 'इचारते मी मेघाला'. तसं बसतंय. पण 'बाई' गेली तर दम कुठं घ्यायचा हे कळेना. त्यांना विचाराल का?

केत्तूर_लाइन
विचारलं. ती म्हणाली 'पानी' म्हणून झालं की थांब, डाव्या हातानं वैरण घाल, तेवढ्यात दम येतो. आणि म्हणाली, ह्याला सांग, एकटा दळतोय म्हणून दम लागतोय, समोर कुणालातरी बसव.