"वाचायलाच हवीत" म्हणे! त्या पालकत्वाच्या यादीवर माझा आक्षेप

काठावरची
काल एका पोस्टमध्ये "प्रत्येक आईबाबांनी वाचायलाच हवीत" अशी आरोग्य, पालकत्व आणि शिक्षण यांवरच्या पुस्तकांची यादी आली. डॉ. स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक, फर्बर यांचं मुलांच्या झोपेवरचं, कॅरल ड्वेक यांचं 'माइंडसेट', मॅथ्यू वॉकर यांचं 'व्हाय वी स्लीप'. प्रत्येकापुढे एकेक ओळ: "आयुष्य बदलून टाकणारं", "हातातून खाली ठेववत नाही". खाली सगळ्यांचे धन्यवाद. एकानेही एकही प्रश्न विचारला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

कादंबरीला "खाली ठेववत नाही" एवढी शिफारस पुरते. तान्ह्या बाळाला कसं झोपवायचं हे सांगणाऱ्या पुस्तकाला ती पुरत नाही. स्पॉक यांचं पुस्तक पहिल्यांदा आलं १९४६ साली. १९५८च्या आवृत्तीत त्यांचा सल्ला होता की बाळाला उताणं झोपवू नका, उलटी झाली तर ती घशात अडकेल. ऐकायला अगदी पटणारं कारण. डॉक्टरांनाही पटलं आणि पिढ्यान् पिढ्या बाळं पालथी झोपवली गेली. झोपेत होणाऱ्या आकस्मिक बालमृत्यूंवरचे जुने अभ्यास एकत्र करून २००५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. पालथं झोपवण्याचा धोका १९७० पर्यंतच ओळखता आला असता, असा त्याचा निष्कर्ष होता. तसं झालं असतं तर ब्रिटनमध्ये १०,०००हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचू शकली असती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला बदलला तो १९९२ साली.

नंतरच्या आवृत्त्यांत हा सल्ला सुधारला गेला, हे मला माहीत आहे. पण यादीत आवृत्तीचं साल कुठे आहे? जुन्या पुस्तकांच्या ढिगातून कुणी एखादी पिवळी पडलेली प्रत घरी आणली तर? पुस्तक सुचवताय तर त्यातलं आज काय टिकून आहे आणि काय खोटं ठरलंय, ते सांगायची जबाबदारीही घ्या.

दुपारची झोप
तुमचा राग कळतो, पण एका पुस्तकातला एक सल्ला धरून तुम्ही अख्खी यादी निकालात काढताय. स्पॉक यांच्या आधी काय होतं? १९२८ साली मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन पालकांना सांगत होते की मुलांना मिठीत घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा! त्या काळात स्पॉक यांनी पुस्तकाची सुरुवातच "स्वतःवर विश्वास ठेवा" अशी केली.

माझं बाळ झालं तेव्हा घरात मला विचारणारं कुणी नव्हतं. रात्री बाळ रडायचं, मीही रडायचे. तेव्हा यातल्याच एका पुस्तकाने मला सांगितलं की हे असंच असतं, तू वाईट आई नाहीस. तो आधार कुठल्या संशोधनात मोजणार तुम्ही?

काठावरची
आधार मिळाला हे चांगलंच झालं. पण त्या काळातल्या ज्या आयांनी बाळाला पालथं झोपवलं, त्यांनाही त्या पुस्तकांचा आधारच वाटला होता.

दुपारची झोप
हे बोलणं निर्दय आहे.

खडूधूळ
विषय शिक्षणाचाही आहे, म्हणून लिहितो. मी शिकवतो. 'माइंडसेट' २००६ साली आलं, बुद्धी ठरलेली नसते, प्रयत्नाने वाढते ही 'ग्रोथ माइंडसेट'ची कल्पना घेऊन, आणि तेव्हापासून शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात तेच. भिंतीवर तक्ते लागतात, "मला जमत नाही" म्हणायचं नाही, "मला अजून जमत नाही" म्हणायचं. अपूर्णांक न समजलेल्या मुलाला "अजून" या शब्दाने काय मिळतं? त्याला कुणीतरी शेजारी बसून अपूर्णांक शिकवायला हवेत. त्यासाठी तास नाहीत, तक्त्यासाठी मात्र आहेत. २०१८च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, अशा उपक्रमांचा शैक्षणिक कामगिरीवरचा सरासरी परिणाम ०.०८ प्रमाण विचलन (मुलामुलांत एरवी असणाऱ्या फरकाचं माप) निघाला, म्हणजे जेमतेम.

त्रिज्या
अर्धंच सांगताय. २०१९ साली अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. एका तासापेक्षाही कमी वेळाचा ऑनलाइन उपक्रम, आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलांची सरासरी श्रेणी ०.१ गुणाने वाढली. वाढ लहान आहे, पण इतक्या थोड्या वेळात आणि ज्यांना सर्वाधिक गरज होती त्यांच्यात दिसली. शिवाय नुसत्या कौतुकाला 'ग्रोथ माइंडसेट' म्हणू नका, असं ड्वेक यांनी स्वतः २०१५ साली लिहिलंय. तुमच्या शाळेतल्या तक्त्यांचा दोष पुस्तकावर कशाला?

खडूधूळ
पुस्तक जितकं सोपं आणि गोड, तितके त्याचे तक्ते होणारच. ०.१ची नोंद घेतो. माझ्या वर्गातल्या मुलाला त्याने अपूर्णांक येणार नाहीत.

रात्रपाळी
मी नवजात विभागात परिचारिका आहे. काठावरची जे झोपेबद्दल सांगतायत ते अजून संपलेलं नाही. आजही बाळाचे आजी-आजोबा विचारतात, "उताणं ठेवलं तर गुदमरणार नाही का?" त्यांना शरीररचना सांगावी लागते. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला उलट दिशेने चढावं लागतं. पालथं असताना श्वासनलिका खालच्या बाजूला येते. शिवाय पालथं बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेतं, जास्त तापतं, आणि धोका असताना सहज जागं होत नाही.

फर्बर यांच्या पुस्तकाचा मात्र मला मनापासून राग आहे. एवढ्याशा जिवाला एकटं रडत ठेवायचं आणि घड्याळ बघत बाहेर बसायचं!

त्रिज्या
पुस्तक वाचलंय का? "रडत ठेवा आणि विसरा" असं त्यात नाही. थोड्या थोड्या वेळाने जाऊन धीर द्यायचा, ती मधली वेळ हळूहळू वाढवायची. तेही अगदी तान्ह्यांसाठी नाही. ऑस्ट्रेलियात ३२६ मुलांवर याच प्रकारच्या पद्धतींचा अभ्यास झाला, सात महिन्यांची असताना सुरू केलेला. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. मानसिक आरोग्य, झोप, आईवडिलांशी नातं, कशातच फरक नव्हता.

रात्रपाळी
म्हणजे फायदाही टिकला नाही.

त्रिज्या
सहाव्या वर्षी नाही टिकला. पण त्याआधी आईची झोप सुधारली, तिचं नैराश्य कमी झालं. ते फुकट गेलं का?

दुपारची झोप
हेच मी म्हणत होते! आईची झोप कुणाच्या हिशेबातच नाही. मला त्याच पद्धतीने पुन्हा माणसात आणलं, आणि इथे मला कुणी क्रूर म्हणू नये.

रात्रपाळी
तुम्हाला क्रूर म्हटलं नाही. पण मी रडणारी बाळं रोज हातात घेते, मला आकडे सांगू नका.

त्रिज्या
पालथं झोपवण्याबद्दल बोलताना पुरावा हवा, आणि इथे आकडे सांगू नका? असं कसं चालेल?

दोन नंबरचा पालक
या सगळ्यात बाप कुठे आहे? यादीतली पुस्तकं काय आणि इथल्या प्रतिक्रिया काय, सगळं आईला उद्देशून. आमच्या घरी रात्री मी उठतो. दवाखान्यात मी बाळाला घेऊन गेलो की पहिला प्रश्न येतो, "आई नाही आल्या?" झोपेची पाळी वाटून घेतली तर निम्मी भांडणं मिटतील, त्याला पुस्तक लागत नाही.

काठावरची
तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्याचा वेगळा धागा काढा. मूळ मुद्द्यावर येते. फर्बर यांचं पुस्तक १९८५चं. २००६च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी मुलाला जवळ घेऊन झोपण्याबद्दलची आधीची कडक भूमिका सैल केली. म्हणजे लेखक स्वतः मत बदलतो आणि यादी करणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. वॉकर यांचंही तसंच. २०१७च्या त्यांच्या पुस्तकात झोप आणि खेळातल्या दुखापतींचा आलेख आहे. मूळ अभ्यासात पाच तास झोपणाऱ्यांचा स्तंभ सहा तासवाल्यांपेक्षा खाली होता, म्हणजे त्यांच्या दुखापती कमी होत्या; पुस्तकातल्या आलेखात तो स्तंभच नाही. २०१९ पासून हे उघड आहे. तरी पुढे "आयुष्य बदलणारं" एवढंच.

दुपारची झोप
आवृत्तीचं साल लिहायला हवं, एवढं मान्य. त्या पोस्टखाली तशी सूचना टाकून आले. पण "आईबाबांनी वाचू नये" असा तुमचा सूर आहे, तो मी मान्य करणार नाही. पुस्तकं काढून घेतलीत तर हाती फक्त फॉरवर्ड उरतील, आणि त्यांना तर आवृत्तीही नसते.

काठावरची
वाचू नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. फॉरवर्डचं म्हणाल तर ते पटलं.

दोन नंबरचा पालक
एक विचारतो. उताणं नको आणि पालथंही नको म्हणून आम्ही बाळाला कुशीवर झोपवतो. ते चालतं ना?

रात्रपाळी
नाही. कुशीवरून ते सहज पालथं होतं. पाठीवरच ठेवा, दिवसाच्या डुलकीलाही. सपाट, टणक गादी, जवळ उशी किंवा सैल पांघरूण नको. दोन्ही बाजूंना स्वतःहून नीट वळायला लागलं की झोपेत पालथं झाल्यावर उलटवत बसू नका, पण ठेवताना पाठीवरच ठेवायचं. आज रात्रीपासूनच.