पौष्टिक खाणे : इच्छेचा प्रश्न की ऐपतीचा?

मूळ मांडणी :
गरीब माणसाला आहाराचे ज्ञान नसते म्हणून तो निकस खातो, हे विधान मला अन्यायकारक वाटते. हाती मोजके पैसे असले की माणूस आधी पोट भरण्याचे पाहतो. आणि धान्य, तेल, साखर यांतून जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी त्याच पैशांत भाज्या-फळांतून मिळत नाही. उत्पन्न जितके कमी तितका त्यातला अन्नखर्चाचा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिले होते. मुलाला नवी भाजी आवडेपर्यंत ती अनेकदा ताटात वाढावी लागते. त्याने पहिलाच घास थुंकून टाकला, तर दुसऱ्या दिवशी तीच भाजी पुन्हा आणण्याची हिंमत ओढगस्तीतल्या आईने कोठून आणावी?

प्रतिसाद १ :
आईची ती अडचण खरी आहे, पण निष्कर्ष पटत नाही. रॉबर्ट जेन्सन व नोलन मिलर या अर्थतज्ज्ञांनी चीनमधील गरीब कुटुंबांना मुख्य धान्य सवलतीत देऊन पाहिले, आणि त्यामुळे पोषण सुधारल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. हात थोडा सैल झाला की माणूस पौष्टिकतेपेक्षा चवीकडे वळतो. शिवाय कडधान्ये स्वस्त असूनही मागे पडतात, ती सवयीमुळे आणि जाहिरातींमुळे. त्याचे खापर गरिबीवर फोडू नये.

प्रतिसाद २ (मूळ लेखक) :
त्या प्रयोगात सवलत धान्यावर होती, भाज्या-फळांवर नव्हती, हे ध्यानात घ्यावे. रोज तेच ते बेचव अन्न खाणाऱ्याने चार पैसे वाचल्यावर चवीचे काही आणले, तर त्यात मला अविचार दिसत नाही. कडधान्यांची किंमतही नुसत्या दुकानातल्या भावावर ठरत नाही : ती रात्री आठवणीने भिजत घालावी लागतात, शिजायला वेळ घेतात, इंधन खातात. दहा-बारा तास राबून आलेल्या बाईजवळ नेमका तोच वेळ उरलेला नसतो.

प्रतिसाद ३ :
वेळेचा मुद्दा मी हिशेबात धरला नव्हता, तो मान्य करतो. तरीही ज्यांच्याकडे पैसा आणि वेळ दोन्ही आहेत, त्यांच्या घरी गोड पेये का येतात, याचे उत्तर तुमच्या मांडणीत मला अजून सापडलेले नाही.