आईवडिलांच्या दातांसाठी ठेवी मोडण्याआधी कवळीचा नीट विचार व्हावा

सुरंगी (डिचोली)

सर्व दात गेलेल्या माणसाला ‘कवळी आता जुनी झाली’ असे सांगून सरळ इम्प्लांटच्या, म्हणजे दातांना आधार म्हणून जबड्याच्या हाडात बसवायच्या धातूच्या खुंटांच्या, खर्चाचा कागद हातात ठेवण्याची पद्धत पणजी-मडगावपासून आमच्या डिचोलीपर्यंत रुळत चालली आहे, आणि मला ती योग्य वाटत नाही. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. वरचे दात पूर्वीच गेले होते. खालचे उरलेले हलते दात काढल्यावर एका दवाखान्याने दोन्ही जबड्यांत प्रत्येकी चार इम्प्लांट बसवून त्यांवर स्क्रूने पक्की केलेली दातांची पूर्ण रांग घालण्याचा सल्ला दिला. एकेका जबड्याचा खर्च काही लाखांत जातो. घरात ठेव मोडण्याची बोलणी सुरू झाली, पण कवळीने त्यांचे भागेल का, हा प्रश्न घरच्यांनी विचारला नाही आणि डॉक्टरांनीही काढला नाही.

माझे म्हणणे असे, की कवळीविषयीच्या बऱ्याचशा तक्रारी घाईने केलेल्या कवळीविषयीच्या असतात. नीट कवळी करायची तर आधी प्राथमिक माप, त्यावरून त्या व्यक्तीपुरता माप घेण्याचा वेगळा ट्रे, मग ओठ, गाल आणि जीभ हलवायला लावून कडांसह घेतलेले दुसरे माप, त्यानंतर दोन्ही जबड्यांमधली उंची आणि चाव्याची जुळणी, मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहणे आणि शेवटी तयार कवळी, अशा चार-पाच फेऱ्या होतात. नंतरही जिथे रुतते तिथे घासून घेण्यासाठी जावे लागते. हे टप्पे गाळून दोन फेऱ्यांत दिलेली कवळी लवकरच डब्यात जाऊन पडते आणि दोष कवळी या उपायालाच लागतो. बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आहे. तिथे वेळ द्यावा लागतो, पण ते शिक्षणाचे ठिकाण असल्यामुळे टप्प्याटप्प्याने काम होते, आणि लाखांचा निर्णय घेण्याआधी तिथे दाखवून यायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही.

कुळागर (फोंडा)

आपली काळजी मी समजू शकतो, तरीही माझे मत याच्या उलट आहे, आणि ते वडिलांचे जेवण जवळून पाहून झालेले आहे. त्यांची कवळी अनुभवी डॉक्टरांनी, आपण लिहिलेले सगळे टप्पे पाळूनच केली होती. वरची छान बसली. खालची कधीच बसली नाही, कारण ती बसावी असा आधारच खाली नसतो. वरच्या कवळीला पसरट टाळू मिळतो, लाळेच्या पातळ थरामुळे ती तिथे धरून राहते. खाली मात्र हिरडीची अरुंद पट्टी आणि मध्ये सतत हलणारी जीभ. त्यात दात गेले की जबड्याचे हाड झिजत जाते. दंतसंशोधक तालग्रेन यांनी २५ वर्षांच्या नोंदींवरून १९७२ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट होते. म्हणजे आज उत्तम बसलेली कवळीही काही वर्षांनी सैल होणार, मग आतून नवे अस्तर, आणि पुढे कवळीच नवी.

मासे खाणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो, तेही सांगतो. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो आणि तोंडात काटा आला तरी तो टाळूला कळत नाही. त्यामुळे बांगड्याचा प्रत्येक तुकडा वडील ताटातच बोटांनी चाचपून, काटे बाजूला काढून मगच शितात कालवायचे. सगळ्यांची पाने उचलून झाली तरी ते एकटे जेवत बसलेले असायचे, आणि नंतर नंतर तर मला मासे नकोच, असे म्हणू लागले. चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या पाव हिश्श्याच्या आसपास उरतो. काजू, भाजलेले चणे, सुके बांगडे हे सगळे एकेक करून सुटत गेले. माणूस तक्रार करीत नाही, म्हणून घरच्यांना वाटते की कवळी चांगली चालली आहे.

इम्प्लांट ही काही कालपरवाची जाहिरात नाही. टायटेनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात दिसले, १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात ते बसवले आणि त्या गृहस्थांनी ते पुढची ४० वर्षे वापरले. इतकी परीक्षा झालेला उपाय हाताशी असताना आईवडिलांना ‘सवय होईल’ असे सांगत राहणे मला अन्यायाचे वाटते.

आबोली (मडगाव)

मी अनेक वर्षे घरोघरी वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करते, आणि या चर्चेत एक बाजू पूर्ण राहून गेली आहे. हे दात रोज स्वच्छ कोण करणार? कवळी हातात येते. बेसिनमध्ये थोडे पाणी ठेवून त्यावर धरली म्हणजे निसटली तरी फुटत नाही, मऊ ब्रशने दोन्ही बाजू घासल्या, रात्री साध्या पाण्यात ठेवली, एवढ्यात काम होते. उकळते पाणी मात्र वापरू नये, कारण तिचा आकार बिघडतो. रात्रीही ती तोंडात ठेवली तर टाळूला बुरशी धरून तो लालभडक होतो, ही गोष्ट मी पुष्कळ घरांत पाहिली आहे, पण तीही कवळी काढली की दिसते आणि उपचार करता येतो.

पक्क्या रांगेचे तसे नाही. तिच्या आणि हिरडीच्या मधल्या फटीतून बारीक ब्रश किंवा जाड दोरा घालून, नाहीतर पाण्याच्या धारेचे यंत्र लावून रोज सफाई करावी लागते. सत्तरीत स्वतःच्या हाताने हे करणारी माणसे आहेत. परंतु हात थरथरू लागले, अर्धांगवायू झाला, विस्मरण वाढले आणि तोंड उघडायलाही माणूस तयार होईना, तेव्हा दुसऱ्याने ते करणे फार अवघड जाते. इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजते, पू धरतो, हाड झिजते, आणि रुग्णाला सांगता येत नाही. चारच इम्प्लांट असताना त्यांतला एक निकामी झाला तर सगळ्या रांगेचाच प्रश्न उभा राहतो. निर्णय घेताना आजची आई डोळ्यांसमोर असते. मला दहा वर्षांनंतरची आई दिसते, कारण माझे काम तिच्याशीच असते.

दंतवैद्य (म्हापसा)

कृत्रिम दातांचेच काम करीत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. चर्चा दोन टोकांवर अडकली आहे, आणि मला वाटते सुरंगी यांच्या सासूबाईंचे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट बसवायचे आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी, काढता येणारी कवळी घालायची, हा तो मार्ग. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात २००२ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत दिले होते. हे खालच्या जबड्याविषयी आहे, याकडे लक्ष द्यावे. वरची साधी कवळी बहुतेकांना चालते, म्हणून दोन्ही जबड्यांना एकच माप लावण्याचे कारण नाही. कुळागर यांच्या वडिलांची वरची कवळी छान बसली होती, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे.

चार इम्प्लांटची पद्धत लिस्बनच्या पाउलो मालो यांनी रूढ केली. खालच्या जबड्यातील निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मागचे दोन इम्प्लांट तिरके घालायचे, म्हणजे खालची नस आणि वरची सायनसची (गालाच्या हाडातली हवेची) पोकळी टाळता येते आणि हाड भरण्याची शस्त्रक्रिया बऱ्याचदा वाचते. पद्धत चांगली आहे आणि मी ती करतो. मात्र ‘एका दिवसात दात’ याचा अर्थ रुग्णाला स्पष्ट सांगायला हवा. त्या दिवशी मिळते ती तात्पुरती ॲक्रिलिकची (प्लॅस्टिकची) रांग. हाड धरेपर्यंत काही महिने मऊ अन्नच घ्यायचे असते, आणि कायमचे दात त्यानंतर होतात. हे नीट न सांगितल्यामुळे महिन्याभरात खेकड्याची नांगी फोडायला जाऊन तात्पुरती रांग तोडून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट होतच नाही, असे नाही. साखर दीर्घकाळ ताब्यात आहे का, हे पाहावे लागते. तंबाखू चालू असेल तर धोका वाढतो. याहून महत्त्वाचे म्हणजे हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही गोळ्या किंवा इंजेक्शने चालू आहेत का, हे आधी सांगावे. त्यांतल्या काही औषधांमुळे शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड न भरता मृत होण्याची शक्यता असते, आणि वयस्क स्त्रियांना ही औषधे बरीच दिली जातात.

कुळागर (फोंडा)

डॉक्टरांचे म्हणणे वाचले आणि वैद्यकीय भागाबद्दल मला वाद घालायचा नाही. परंतु दोन इम्प्लांटवरची कवळीही शेवटी काढावी लागतेच, तिच्यातल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात आणि वेळोवेळी बदलाव्या लागतात, हेही सांगायला हवे. शिवाय पक्के दात हवेत ते केवळ चावण्यासाठी नव्हेत. आमच्या गावच्या जत्रेत नाटक असते आणि वडील त्यात उतारवयापर्यंत काम करीत असत. कवळी आल्यावर लांब स्वगत म्हणताना ती सुटेल, या भीतीने त्यांनी आवाज चढवणे टाळले, ‘स’ आणि ‘श’ वारंवार घसरू लागले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी भूमिका घेतलीच नाही. रात्री दात काढून वाटीत ठेवायचे, ही गोष्ट ज्याला मनापासून नको आहे, ज्याची प्रकृती ठीक आहे आणि ज्याच्याकडे पैसे आहेत, त्याला पक्के दात घेऊ द्यावेत. पुढे आजारपण येईल म्हणून आजची दहा-पंधरा चांगली वर्षे कवळीत काढा, हा आबोलीताईंचा सल्ला मला मान्य नाही.

आबोली (मडगाव)

मी कोणालाही अडवलेले नाही. पक्के दात ज्यांनी घ्यायचे त्यांनी घ्यावेत, पण स्क्रू काढून ते अधूनमधून साफ करून देण्याची सोय त्याच दवाखान्यात आहे का, त्याचा खर्च किती आणि वाळपई किंवा काणकोणहून म्हाताऱ्या माणसाला तिथवर कोण नेणार, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारून घ्यावे. विस्मरण वाढले तर पक्की रांग काढून त्याच इम्प्लांटवर काढती कवळी बसवता येईल का, हेही तेव्हाच विचारावे.

सुरंगी (डिचोली)

सर्वांचे आभार. दोन इम्प्लांटचा मार्ग आम्हाला कोणी सांगितलाच नव्हता, आणि कुळागर यांनी लिहिलेली खालच्या जबड्याची अडचण खरी आहे, हे मी मानते. वरच्या कवळीबाबत माझे मत तेच आहे. सासूबाईंना मी स्वतः विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला भाकरी खाता आली पाहिजे आणि भजनात बसता आले पाहिजे, बाकी तुम्ही पाहा.” रात्री दात काढून ठेवण्याचे त्यांना काहीच वाटत नाही. हाडांसाठी त्यांना वर्षातून एकदा इंजेक्शन दिले जात होते, हे डॉक्टरांचा प्रतिसाद वाचल्यावर लक्षात आले. पहिल्या दवाखान्यात याविषयी विचारणा झाली नव्हती. म्हणून आता जुन्या चिठ्ठ्या शोधून औषधाचे नाव आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख काढते आहे. ती कागदपत्रे आणि साखरेचे अहवाल घेऊन आम्ही बांबोळीला जाऊ, वरच्या कवळीचे माप देऊ आणि खाली इम्प्लांट करणे सुरक्षित आहे का, याचा निर्णय तिथेच विचारू. तोवर ठेवीला हात लावायचा नाही, असे दिरांशीही बोलून ठरले आहे.