मदत हवी आहे: पिकअप चढावर दम टाकते, गिअरही कर्र करतो

सावद्याची केळी:
जुनी पिकअप घेतली आहे. माल भरला की चढावर दम टाकते, वर गिअर कर्र करतो. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उतरवा आणि इंजिनचं हाफ काम (उघडून रिंगा, बेअरिंग बदलणं) करा. परवा माल भरायचा आहे. एवढं उघडावंच लागेल का? जाणकारांनी लवकर सांगा.

धुळेकर:
भो, गाडी कोनती शे, कोनत्या सालनी शे, ते तं सांग पहिले. धूर कसा निंघस?

पारोळ्याचा नाना:
वेळ घालवू नका. माझीही अशीच दम टाकायची. रिंगा, बेअरिंग, हेड फेसिंग सगळं एकदम करून घेतलं, आता भरली गाडी कन्नड घाट चढते. हाफ काम करा आणि मोकळे व्हा.

अमळनेर ३६५:
आरसी नावावर झाली का? खरेदीपासून 30 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं आणि विमा नावावर करायचा अर्ज 14 दिवसांत. अपघात झाला की मग लोक धावतात.

सावद्याची केळी:
आरसीचं बघतो दादा, आत्ता गाडीचं सांगा. 2012 ची आहे, टर्बो, कॉमन रेल. काळा धूर, तोही लोड असला तरच. गिअरबॉक्सचं ऑइल नुकतंच बदललं.

गॅरेज भुसावळ:
हे दोन वेगळे बिघाड आहेत, एकात एक घालू नका. कर्र नेमक्या कोणत्या गिअरला? इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, मग चालू करून. बंद असताना अलगद पडतात आणि चालू झाल्यावर सगळेच अडतात, रिव्हर्सही करकरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. एकच गिअर करकरत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी) झिजलेली. टाकलेला गिअर आपोआप निसटतो का तेही सांगा, त्याचं कारण वेगळं असतं.

आता धूर. काळा म्हणजे डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही. एअर फिल्टर आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) होज आधी बघा. रिंगा गेल्या असत्या तर धूर निळसर असता आणि इंजिन ऑइल कमी होत गेलं असतं. नाना, यांचं हाफ काम कशावरून ठरवलं?

पारोळ्याचा नाना:
अनुभवावरून. होज बदलून जुनी गाडी नवी होत नाही. काळ्या धुराला डिझेल फवारणारं नोझलही कारण असतं, ते का नाही सांगत?

गॅरेज भुसावळ:
असतं ना. पण नोझल टेस्टिंगला पैसे लागतात, होज हाताने चाचपायला लागत नाहीत. म्हणून आधी होज. आणि गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल घातलं?

सावद्याची केळी:
नव्वद नंबर. डिफरन्शियलमध्ये टाकलं तेच दोन्हीकडे.

गॅरेज भुसावळ:
डब्यावर ऑइलचा दर्जा काय लिहिलाय, जीएल-4 की जीएल-5? डिफरन्शियलला जीएल-5 लागतं. गिअरबॉक्समध्ये सिंक्रो रिंगा पितळी असतील तर पुष्कळशा जीएल-5 ऑइलमधला गंधक त्यांना मानवत नाही, शिवाय गिअर बदलताना रिंगने जी पकड घ्यायची तीही कमी होते.

चोपड्याचा ड्रायव्हर:
काही होत नाही हो. आमच्याकडे एकाच डब्यातलं दोन्हीकडे जातं.

गॅरेज भुसावळ:
काही गिअरबॉक्सला चालतंही. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घालायचं.

यावलचा शेतकरी:
केळीला यंदा भाव काय चाललाय सावद्यात?

सावद्याची केळी:
भावाचा धागा वेगळा काढा. बघून आलो. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. चालू असताना पहिला आणि रिव्हर्स ठीक, कर्र फक्त दुसऱ्याला. निसटत नाही. डबा जीएल-5 चाच निघाला, पुस्तकात जीएल-4 आहे. एअर फिल्टर साफ आहे, पण टर्बोच्या होजला क्लॅम्पच्या अगदी खाली बोटभर चीर आहे. वरून दिसत नाही, क्लॅम्प सरकवल्यावर दिसली. आजूबाजूला तेलकट काजळी.

धुळेकर:
मनी गाडीनं बी असंच व्हयनं व्हतं. होज बदला, बठ्ठा दम परत वना.

गॅरेज भुसावळ:
मोजलेली हवा त्या चिरेतून बाहेर जाते, डिझेल मात्र तेवढंच पडतं. लोडवर काळा धूर आणि दम टाकणं, दोन्ही त्यातून. होज बदला. इंजिन ऑइलची फिलर कॅप उघडून इंजिन चालू ठेवा, भकाभका धूर येतो का बघा, आला तर रिंगांवर संशय. कूलंट कमी होतं का?

सावद्याची केळी:
कूलंट जागच्या जागी. कॅपमधून अगदी किरकोळ वाफ.

गॅरेज भुसावळ:
मग इंजिन उघडू देऊ नका. गिअरबॉक्सचं ऑइल काढून जीएल-4 घाला. काढलेलं ऑइल पांढऱ्या कपड्यावर बघा, पितळेची सोनेरी चकाकी भरपूर असेल तर रिंग झिजली आहे. तरी परवा गाडी जाईल. दुसरा टाकताना मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबा. रिंगचं काम सवडीने करा, पण गिअर निसटायला लागला तर ते काम लांबवायचं नाही.

पारोळ्याचा नाना:
होज बदलूनही धूर राहिला तर नोझल टेस्टिंगला टाका. एवढं माझं ऐका.

सावद्याची केळी:
ऐकतो नाना. होज आणायला निघालोय.