तिसरी छत्री: मोठेपणी एडीएचडी/ऑटिझम कळलं, परवडणारी मदत कुठे मिळाली?

वेंधळी_वसुधा
काल दादर स्टेशनबाहेर छत्री घेतली. या पावसातली तिसरी. सुट्टे मोजताना एकदम शाळा आठवली. आई छत्रीच्या दांड्याला परकराची नाडी बांधायची, दुसरं टोक दप्तराच्या कडीला. पोरी हसायच्या, पण ती छत्री दहावीपर्यंत टिकली. तेव्हा याला 'धांदरट' एवढंच नाव होतं. ३६व्या वर्षी एडीएचडी निघालं (लक्ष एका जागी टिकत नाही ते), सोबत ऑटिझमही (मेंदूची जन्मापासूनची वेगळी ठेवण, गर्दी-गलका सोसत नाही). १८ हजार गेले आणि हातात आला सात पानी इंग्रजी रिपोर्ट, शेवटी 'कोचिंग घ्या'. तासाला अडीच हजार! मला कोच नकोय हो, मला ती नाडी हवीय. विजेचं बिल वेळेत भरलं जावं, डबा ऑफिसात राहू नये, सोसायटीच्या मीटिंगमधून डोकं न फुटता घरी यावं, बास. कुणाला काय उपयोगी पडलं ते लिहा. मुलांच्या थेरपी सेंटरचे पत्ते नकोत, 'बाळ किती वर्षांचं?' ऐकून झालंय.

बोरिवली_स्लो
मला पण विचारलं. म्हटलं एकेचाळीस. फोनच ठेवला.

चिंचेचा_कोळ
केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे मानसोपचार ओपीडी आहे. मी यातल्या एका ठिकाणी जाते. त्याआधी एका खासगी डॉक्टरांनी 'इंजिनियर झालात, मग कसलं एडीएचडी' म्हणून वाटेला लावलं होतं. इथे जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं नेली, कारण लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का ते बघतात. दुसरीच्या बाईंचा शेरा होता, 'हुशार, पण जीव खिडकीबाहेर.' डॉक्टर मॅडमनी तो दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं. अर्ध्या दिवसाची रजा जाते, पण औषध सोडून खर्च शंभराच्या आत. कानात घालायला बोळे न्या, गलका फार.

वेंधळी_वसुधा
प्रगतिपुस्तकं आईकडे पत्र्याच्या ट्रंकेत असतील. आईला काय सांगू कशाला हवीत?

चिंचेचा_कोळ
पासपोर्टला लागतात सांग 😄

मीठ_कमी
मला एडीएचडीचं औषध चालू आहे, मिथाइलफेनिडेट. केमिस्ट डॉक्टरांची मूळ चिठ्ठीच मागतो, झेरॉक्स चालत नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात नसतंच. संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं. विसरभोळेपणाचं औषध, तेच आणायला विसरते. कोणाला सांगायचं!

नाना_गोरेगाव
माझा मुलगा २६ वर्षांचा, ऑटिझम. कागदांचं तेवढं सांगतो. २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, एडीएचडी नाही. म्हणून वसुधाताई, तुमच्या रिपोर्टातला ऑटिझम नीट सांभाळा. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज करायचा, मग ठरलेल्या रुग्णालयात तपासणी. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर आयकरात ७५ हजारांची वजावट (१९६१च्या कायद्यात कलम ८०यू), पण जुनी करप्रणाली घेतली तरच. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना वेगळी, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते. आमची ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करायला शिकवतात ती) त्यावर बरीच निघाली. अठरा झाले की मात्र सेंटरवाले 'आता मोठा झाला' म्हणून हात वर करतात. तो सध्या खालच्या पिठाच्या गिरणीत डबे लावतो. कुणाचा गहू, कुणाची ज्वारी, आजवर एकदाही चुकला नाही. झाकणाला कान लावून वाजवून बघतो, का ते विचारलं नाही. मालक महिन्याला दोन हजार देतो.

रेवडी
नाना 🙏 झाकण वाजवण्याचं वाचून माझा भाऊ आठवला. तो कुकरच्या शिट्ट्या वहीत लिहितो.

बोरिवली_स्लो
मी अर्ज केला होता. नोकरी आहे, बोलता येतं, म्हणून ४० भरले नाहीत. घरी आल्यावर मी दोन तास अंधारात बसतो, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

नाना_गोरेगाव
पुढच्या वेळी घरातलं माणूस सोबत न्या. आपण आपलं नीटनेटकंच सांगतो.

दुपारचा_चहा
फुकटातला उपाय. मी आणि मावसबहीण रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करतो. बोलायचं नाही. ती डोंबिवलीत भाकऱ्या थापते, मी परळला बिलं भरते. बोललं की पाच रुपये दंड. दोन वर्षांत विजेचा एकही दंड नाही, बहिणीचे मात्र साडेतीनशे थकलेत माझ्याकडे.

रेवडी
भाकरी थापताना गप्प बसणारी बाई?? नाव काय तिचं, पाया पडते.

दुपारचा_चहा
भाकरी चिरते हो, तव्यावर टाकताना. तेव्हा ती ओरडते. तो दंड धरत नाही.

रेवडी
पीठ जुनं असेल, नाहीतर गार पाण्यात मळत असेल. कढत पाणी घ्यायला सांगा.

मुलुंडकर_काका
थोडंफार सगळ्यांनाच असतं हे. पहाटे उठा, योगासनं करा.

मीठ_कमी
काका, योगाच्या क्लासची फी तीनदा भरली. गेले एकदा. तेही चुकीच्या बॅचला.

पाठमोरा
मला २०११ला फक्त ऑटिझम सांगितला. नंतर कळलं, तेव्हाच्या नियमात ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही एकत्र लावायचेच नाहीत, २०१३च्या डीएसएम-५ (डॉक्टरांचं निदानाचं अमेरिकन पुस्तक) पासून लावतात. ज्यांचं निदान जुनं आहे त्यांनी एकदा परत विचारा. आणि रात्री फारच झालं तर १४४१६, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मोफत आहे. मी दोन वाजता केला होता, बाई मराठीत बोलल्या. एवढंच लिहितो, लोकलमध्ये आहे, दादर आलं.

वेंधळी_वसुधा
सगळ्यांचं वाचतेय, दूध उतू गेलं त्यात. नाना, अर्ज उघडलाय, फोटोपाशी अडकलेय. चहाताई, उद्या नऊला तुमच्या गप्प कॉलमध्ये मला घ्याल का? दंड आधीच भरते. आणि आज दादरला नाडी घेतली बरं का, पाच मीटर. पिशवीत घालून छत्रीलाच अडकवली होती, विसरू नये म्हणून.
छत्री ऑफिसात आहे.

रेवडी
नाडी परकराची की पायजम्याची? पायजम्याची सुटते.