एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे रबर बंपर काढून क्रोम लावायचेत, कुणी केलंय का?

घोडबंदरकर: काकांची 1977 ची एमजीबी ठाण्यात आमच्याकडे आहे, गाडीवर जीव आहे माझा पण ते काळे जाड बंपर डोळ्यात खुपतात, आधीच्या मॉडेलचे क्रोमवाले नुसते बोल्टवर बसतील का?

नेरूळचा: नाही रे. अमेरिकेच्या नियमांमुळे 1974 च्या शेवटी हे रबरी बंपर आले, त्यात पुढचे इंडिकेटर बंपरमध्येच असतात, ते वेगळे बसवावे लागतात, ग्रिल जुनी लागते, खालची व्हॅलन्स (बंपरखालचा पत्रा) लागते आणि मागे टेललाइटखाली पत्रा कापून वेल्डिंग, मग रंग आलाच. मी मागचं काम घाईत उरकलं, पहिल्याच पावसाळ्यात पुटी फुगली, सगळं परत खरवडलं. पत्र्याचा चांगला कारागीर आधी शोध, बंपर नंतर घे.

वाशीकर: उंचीचं पण बघ हां. रबरवाल्या गाड्या हेडलाइट-बंपरच्या उंचीच्या नियमासाठी इंचभर तरी वर उचललेल्या, नुसतं क्रोम लावलं तर गाडी चवड्यावर उभी राहिल्यासारखी दिसते. मी तरी खाली नाही घेतली, आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता.

घोडबंदरकर: बरं झालं विचारलं. जुने बंपर काढून टाकू का?

नेरूळचा: अजिबात नको, माळ्यावर ठेव. आणि आरटीओत आधी विचारून घे.