येवल्याच्या विणकराला साडीमागे किती मजुरी दिली तर ती रास्त म्हणायची?

गोदाकाठची
नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोडला राहते. गेल्या दिवाळीपासून येवल्यातल्या दोन घरांकडून हातमागाच्या पैठण्या घेऊन ओळखीपाळखीत विकते. आतापर्यंत अकरा गेल्या. आता नोकरी सोडून हेच करायचं ठरवलं आहे, आणि व्यवहार पहिल्यापासून रास्त असावा अशी मनापासून इच्छा आहे.

अडलंय ते मजुरीवर. रेशीम आणि जरीचा धागा मी देते. मुनिया (पोपटांच्या नक्षीचा) काठ आणि साध्या पदराच्या साडीला तिथे ८,००० मजुरी मिळते असं कळलं, म्हणून मी १०,००० दिले. विणणाऱ्या काकांना विचारलं, "बरोबर आहे ना?" तर म्हणाले, "तुम्हाला परवडेल ते द्या, ताई." त्या उत्तरानं मला रात्री झोप लागली नाही. आकडा कसा काढायचा? आणि 'फेअर ट्रेड'चं, म्हणजे रास्त व्यापाराचं प्रमाणपत्र आधी घ्यावं का?

निर्यातीतला
प्रमाणपत्राची घाई करू नका. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची दहा तत्त्वं आहेत, ती आजपासून पाळायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यातलं एक तुमच्या कामाचं: हस्तकलेच्या मालाला कारागिरानं मागितली तर निदान ५०% रक्कम आगाऊ आणि बिनव्याजी द्यायची. हातमाग चिन्ह (साडी हातमागाची असल्याची खूण) आणि सिल्क मार्क (रेशीम अस्सल असल्याची खूण) मात्र लवकर बघा, गिऱ्हाईक ते विचारतं.

मागाच्या घरातला
ताई, माझे वडील एकतीस वर्षं मागावर आहेत. मी स्वतः बारावीनंतर सहा वर्षं त्यांच्या शेजारच्या मागावर बसलो, आता अंबडला कंपनीत आहे. काकांना आकडा माहीत आहे. पण आकडा बोललं की पुढचं काम दुसऱ्या घरी जातं, ही भीती आमच्याकडे लहानपणापासून अंगात भिनलेली असते. म्हणून ते बोलले नाहीत.

साडीवर दर ठरवू नका, दिवसांवर ठरवा. साडीचं अंग भराभर सरकतं, पदराला आलं की हात थांबतो. तिथे प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली नळी. मोराच्या मानेचा हिरवा मानेपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा. म्हणून आमच्या पदराला उलटी-सुलटी बाजू नसते. बांगडी मोराच्या (गोलातल्या मोराची नक्षी) पदरावर वडिलांचा दिवसाला दीड-दोन इंच भरतो, तोही डोळे धड असताना. आता त्यांना चष्मा लावूनही संध्याकाळी काम होत नाही.

मग न विणलेले दिवस. ताणा (मागावरचे उभे धागे) संपला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला सांधायचा. जरीचा धागा सुरतेहून यायचा, तो उशिरा आला की माग उभा. पावसाळ्यात मागाच्या खड्ड्याला ओल येते. हे दिवस कुणी मोजत नाही.

आणि माझी आई. कांड्या तिनं भरल्या, गुंता तिनं सोडवला. एकतीस वर्षांत तिचं नाव एकाही हिशेबात आलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उचल. २०१६ ला बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी एका व्यापाऱ्याकडून ४०,००० उचल घेतली. ती फिटायला २०२१ उजाडलं. त्या पाच वर्षांत दुसऱ्या कुणासाठी साडी विणता आली नाही. तो म्हणेल तो दर, तो म्हणेल ती नक्षी. व्याज एक रुपया घेतलं नाही त्यानं. व्याजाची गरजच नव्हती, माग त्याचा झाला होता. तेव्हा तुम्ही पैसे आगाऊ जरूर द्या, पण ते त्या एका साडीचे असू देत. साडी हातात आली की हिशेब मिटला, आणि पुढची साडी कुणासाठी विणायची ते घर ठरवील. साडी विकली गेली नाही तर तोटा तुमचा.

आणखी एक. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क) मिळालं आहे. त्याच्या अधिकृत वापरकर्त्याची नोंद काकांच्या नावावर करा, खर्च तुम्ही उचला. उद्या तुम्ही हा धंदा सोडलात तरी ते कागद त्यांच्याकडे राहतील.

जमाखर्च
काकांची उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानं त्यांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. तुम्ही वेळेवर द्यालच, पण हाच हक्क त्यांना इतर व्यापाऱ्यांपुढेही वापरता येईल.

गोदाकाठची
काल निफाड-विंचूरमार्गे एसटीनं येवल्याला गेले. वही घेऊन काका-काकूंसोबत बसले. मागच्या साडीला विणायचे २३ दिवस आणि सांधणी-तयारीतले तिच्या वाट्याचे ४, एकूण २७. म्हणजे मी रोजाचे ३७० रुपये दिले होते, आणि काकूंचे रोजचे दोन तास फुकट घेतले होते. वाचून मलाच वाईट वाटलं.

काकांना दिवसाला ६०० आणि काकूंना १५० धरले तर मजुरी २०,२५० होते. माझी २१,००० ची साडी ३१,२५० वर जाते. काका घाबरले, म्हणाले, "एवढ्याला कोण घेईल? बंद पडेल तुमचं." बाजारात यंत्रमागाची सेमी पैठणी त्याच्या पाव किमतीत मिळते. गिऱ्हाइकाला कसं पटवू?

मागाच्या घरातला
सेमीशी तुलना होऊच देऊ नका. पदर उलटा करून फोटो टाका आणि शेजारी सेमीचा उलटा पदर ठेवा, तिथे मोकळे धागे किंवा कापलेली टोकं दिसतात. किमतीखाली २७ दिवस आणि दोघांची मजुरी लिहा. सगळ्यांना पटणार नाही. वर्षाला चाळीस साड्या गेल्या तरी तीन माग चालतात.

चार बायकांना एकदा काकांच्या घरी घेऊन या, मागावर बसवा. फक्त संक्रांतीला नको, तीन दिवस अख्खं येवलं पतंगासाठी गच्चीवर असतं, माग बंद.

आणि ताई, काकूंचे पैसे काकांच्या रकमेत मिसळू नका. वेगळे मोजून काकूंच्या हातात द्या. पहिल्या वेळी त्या घेणार नाहीत. तरी द्या.